सातव्या महिन्यातले पेढे

"लेकरू तुले होऊन राह्यलं का तुह्या बायकोले?" ठाणेदार वामनरावांनी अर्ज न वाचताच परत सरकवला. अमरावतीहून धारणीच्या बंदोबस्तावर आलेले चार जण खोलीत बसले होते, ते हसले.

"साहेब, बापालेबी रजा असते म्हणतात," शिपाई स्वप्निल म्हणाला.

"असंन. कोणी घेतली काय? नत्थुजी, तुमाले तीन लेकरं. घेतली होती?"

हवालदार नत्थुजी तळहातावर तंबाखू-चुना मळत म्हणाले, "धाकट्याचं तोंड म्या जावळाच्या दिवशी पाह्यलं, साहेब."

पुन्हा हशा झाला.

"अन् तुही बायको तं अकोल्याले, माहेरी. सासरा ओटी भरून घेऊन गेला म्हून पेढे चारले ना तू? मायबाप जवळ हायेत. तू जाऊन काय करशीन? चाल, नाक्यावर हो."

पेढे खरे होते. बाकी सगळं खोटं.

वर्षालीनं स्वप्निलशी जातीबाहेर लग्न केलं त्या दिवसापासून तिच्या बापानं, अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकणाऱ्या पुंजाजीनं, तिचं नाव टाकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा सरत आला, तशा अमरावतीच्या पोलीस लाइनीतल्या बाया विचारू लागल्या, काहून वो, न्याले कोणी आलं नाही? तेव्हा वर्षालीच म्हणाली होती, "पेढे वाटा अन् नेली म्हना." लाइन सोडून ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली घेऊन राहिली. सोबतीला खाली म्हातारी घरमालकीण, चतुराबाई.

दुपारी नाक्यावर चतुराबाईचाच फोन आला.

"पोरा, पानी गेलं रे तिचं! तू निंगाला का?"

पुढचं ऐकू आलं नाही. रेंज गेली.

स्वप्निल धावत खोलीत आला. "साहेब, तिले कोणीच नेलं नाही. पेढे म्याच आनले होते. अमरावतीत एकटी हाय ते."

नत्थुजींचा अंगठा तळहातावरच थांबला.

"बयताडा, हे सकाळी सांगाले काय झालं होतं?" वामनरावांनी अर्ज ओढून सही केली. "जीप परतवाड्याले चालली. बस तिच्यात."

घाटात फोन लागला नाही. परतवाड्यापुढे बसमध्ये लागला, पण कोणी उचलला नाही.

अमरावतीत खोलीला कुलूप पाहून तो तसाच सरकारी दवाखान्यात गेला. वर्दीतला माणूस पाहून बाळंतिणींच्या वॉर्डातली सिस्टर पुढे आली. "जबाब घ्यायला आलात? जळालेली बाई खालच्या वॉर्डात आहे."

"जबाब नाही," स्वप्निल म्हणाला. "वर्षाली... मी नवरा हाय तिचा."

सिस्टरनं नजर खाली घातली.

बाकावरून चतुराबाई उठली. "जिना उतरवाले मानूस भेटेना रे, बापा. मह्या एकटीच्यानं उचलनं झालं नाही. लई येळ गेला."

वर्षाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याच्या बुटांचा आवाज तिनं ओळखला.

"रजा भेटली?"

"भेटली."

"काय सांगतलं?"

"खरं सांगतलं."

तिनं हात मागे केला आणि त्याच्या वर्दीची बाही मुठीत धरली.

सिस्टर तोंडासकट पांढऱ्या कपड्यात झाकलेलं गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. "कोण घेणार?"

स्वप्निलनं बाही हळूच सोडवली. टोपी काढून खिडकीत ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.