पोट उघडून दाखवलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. बाळाचा नव्हे हं, किटलीचा! हसलात ना? हसा. मला पहिल्यांदा पाहणारे सगळेच हसतात.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. त्याच्या बायकोचे हात थरथरायचे. एकदा चहा ओतताना तिचा हात चांगलाच भाजला आणि तिने किटलीला शिवणंच सोडलं. "आता मी पाहुण्यासारखी बसून आयता चहा पिणार," असं ती हसत म्हणाली खरी, पण लगेच तोंड फिरवून तिने डोळे पुसले. ते कारागिराने पाहिलं आणि तो कामाला लागला.

कितीतरी पाळणे बिघडले, तेव्हा कुठे मी जमलो. दोन उभे पाय आणि मधे किटली बसवायचं कडं. एका बोटाने ढकललं की किटली वाकते, बोट काढलं की आपोआप सरळ होते. माझ्या पोटात शिशाचं वजन कुठे बसवलंय, त्यातच सगळी मेख आहे. त्या दिवशी तिने स्वतः चहा ओतला. "अहो, मी ओतला!" असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारीण धावत आली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पत्र्याच्या बादल्या हल्ली कोण घेतं? कारागिराचा छोटा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. आता माझ्यासारखे पाळणे विकून तो तगेल, अशी घरात आशा लागली. पण गावभर सांगणार कोण? म्हणून जाहिरातीच्या एका सल्लागाराला बोलावलं.

सून कचेरीत काम करणारी, व्यवहार जाणणारी. ती म्हणाली, "बाबा, पाळणा काय करतो ते दाखवा, कसं करतो ते नको. आणि आधी या करारावर त्यांची सही घ्या. आपली कल्पना ते दुसऱ्याला सांगणार नाहीत, एवढंच लिहिलंय यात."

"अगं, घरी आलेल्या माणसापुढे आल्या आल्या कागद धरायचा? बरं दिसतं का ते? चहा तरी पिऊ दे त्याला," कारागीर म्हणाला.

सल्लागार आला, चहा प्यायला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "वा काका, कमाल केलीत! आत यंत्र आहे की काय?"

झालं! आमचे कारागीरबुवा चढले हरभऱ्याच्या झाडावर. पेचकस घेतला आणि त्यांनी माझं पोट उघडून दाखवलं. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. कागद टेबलावर तसाच राहिला. वर फोटो काढायला म्हणून सल्लागार मला घेऊनही गेला. तिथे अनोळखी माणसांनी पट्टी लावून माझं अंग न् अंग मोजलं.

मी परत आलो. सल्लागार मात्र पुन्हा फिरकला नाही. थोड्याच दिवसांत दुकानादुकानांत प्लास्टिकचे चकचकीत पाळणे झळकले. कारागिराने फोन केला, तर सल्लागार थंडपणे म्हणाला, "काका, अशी कल्पना कुणालाही सुचू शकते. आपलं लेखी काही ठरलं होतं का?"

सून 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. तेच कारागिराला जास्त लागलं. कारखान्यात आता फक्त दुरुस्तीची कामं येतात.

परवा एक बाई तसाच प्लास्टिकचा पाळणा घेऊन आली. "माझ्या आईचे हात थरथरतात हो. एवढा आजच करून द्या." आतलं वजन घसरलं होतं. कारागिराने ते नीट बसवून दिलं. जाता जाता तिची नजर माझ्यावर पडली. "अय्या, तुम्हीही याची नक्कल करता वाटतं? बरी जमलीय की!"

त्याची बायको तरातरा पुढे आली. त्याने हातानेच तिला थांबवलं आणि तो म्हणाला, "हो, नक्कलच आहे. बरी जमलीय." बाई गेल्यावर तो कितीतरी वेळ माझ्यावरची धूळ पुसत बसला. धूळ केव्हाच निघाली होती.

मित्रांनो, तुम्हालाही उद्या काही नवं सुचेल. बाहेरच्यांची मदत जरूर घ्या, पण आधी सही घ्या. सही मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. आणि गुपित ज्याला सांगायची गरज नाही, त्याला कौतुकाच्या भरात सांगू नका. माझ्या कारागिराला आपल्याच लेकराला नक्कल म्हणावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.