दिनादादाचा काढा

प्रमोद आयुष्यात एकच खोटं नीट विचार करून बोलला होता, आणि तेच आज वांगणीच्या ओट्यावर त्याला घाम फोडत होतं.

त्याचा थोरला भाऊ दिनानाथ पुण्याकडच्या एका बिअर कारखान्यात होता. अडीच वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने तेरा टक्के अल्कोहोलची, डांबरासारखी काळी बिअर केली आणि सहा बाटल्या प्रमोदकडे दिल्या. "अंधारात, गारव्याला ठेव. ही बाटलीत बदलत जाते." दिनानाथच्या बायकोला, पद्मजाला, त्याचा हा धंदा मुळीच पटत नव्हता. शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं. "तिसऱ्या वर्षी एक घोट घे, मग काय ते बोल," तो म्हणाला होता. पुढच्याच महिन्यात हार्ट अटॅकने गेला.

आता तिसरं वर्ष लागलं होतं. दादाची बिअरच्या नोंदींची वही आणि स्टीलचा ग्लास घेऊन पद्मजा चिखलोलीहून आली होती. एक घोट घेऊन तिला काय ते बोलायचं होतं.

प्रमोदचं कॅम्प पाच वस्तीतलं घर पत्र्याचं, मेमध्ये तिथे नळाच्या पाण्याचासुद्धा चहा होतो. म्हणून त्याने बाटल्या वांगणीला आईकडे आणल्या होत्या. पण आईला, विठाबाईंना, दारूचा इतका तिटकारा की शेजारी कुणी सोडा फोडला तरी त्या उठून जायच्या. तेव्हा तो म्हणाला, "दादाने काढा केलाय. मुरायला ठेव." त्यांनी बाटल्या कणगीत, भातात खुपसल्या.

"आई, त्या बाटल्या?"

"पत्र्यावर."

"कशावर?"

"पत्र्यावर, उन्हात. आणि त्या नाही, ती. एकच उरलीय."

प्रमोद खाली बसला.

"गुडघे धरले की दोन चमचे घ्यायचे," विठाबाई म्हणाल्या. "एक बाटली शेजारच्या भगवानच्या सासूला दिली. तिला आता जिना चढता येतो. उतरता येत नाही, पण चढते."

"पण उन्हात कशाला?"

"आधी जहर कडू लागायचा. मग कडूपणा जात चालला. म्हटलं, काढ्यातला जोर गेला. चैत्रापासून ऊन दाखवतेय, लोणच्याला दाखवते तसं."

कडूपणा जायलाच हवा होता, दादाने ते दहा वेळा सांगितलं होतं. आईला कुणीच नव्हतं सांगितलं. प्रमोद शिडीने वर चढला. बाटली तव्यावरून काढलेल्या भाकरीइतकी गरम होती.

"उघडा, भावजी," पद्मजा म्हणाली.

झाकण निघालं, आवाज काही आला नाही. तिने वहीतलं पान वाचलं: तिसरं वर्ष. कडू मागे जाईल. खजूर, जुनं चामडं. मग एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

प्रमोदनेही घेतला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस सांडावा, तशी चव.

"खजूर लागतोय," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्याने मला चव कधी खोटी सांगितली नाही, भावजी. तुम्ही सुरुवात करू नका." तिने ग्लासवर तळहात ठेवला. "म्हणजे त्याचं खरं होतं की माझं, ते आता कळायचं नाही."

प्रमोदने आईकडे पाहिलं. ही दारू वेळेवर चाखलेलं जगात एकच माणूस होतं, आणि ते तांदूळ निवडत होतं.

"आई, आधीच्या बाटल्यांची चव सांग."

"काढ्याची कसली चव विचारतोस?"

"काढा नाही तो. बिअर आहे. दादाने केलेली."

विठाबाईंचे हात सुपात थांबले. त्या मनात चमचे मोजत असाव्यात, कारण ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "भगवानच्या सासूला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"पहिली करपलेल्या गुळासारखी होती. दिवाळीला फोडली ती कडूच, पण कडूपणा उशिरा यायचा. संक्रांतीला काढली तिच्यात खजूर होता. मी म्हटलं, दिनाने घातला असेल."

हे वहीत उतरवणारं पद्मजाचं पेन थांबलं. "आणि चामडं?"

"चामडं कोण खातं गं?" मग एक खडा बाजूला टाकून, "वास होता खरा. यांच्या जुन्या पाकिटाला यायचा तसा."

पद्मजाने ते लिहिलं. खाली मान घालूनच म्हणाली, "एक घोट माझ्यासाठी राहिला असता, तर."

"आधी कळलं असतं तर मीच सगळी मोरीत ओतली असती," विठाबाई म्हणाल्या.

पद्मजाने पान उलटलं.

"संक्रांतीच्या बाटलीचं परत सांगा, आई. हळू सांगा."