उजवीकडचा आवाज

ऐका, गाडी होती सतरा वर्षांची, आणि वळली की पुढून टक-टक-टक करायची. बाबांनी जाहीर करून टाकलं, "उजवा एक्सल गेला." म्हणजे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारा, चाक फिरवणारा तो दांडा. बाबांचं अख्खं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेलं, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोण बोलणार? स्वतः जाऊन ते नवा उजवा एक्सल घेऊन आले आणि शनिवारी सकाळी धाकट्या लेकीला हाक मारली, "चल मिस्त्री, जुने कपडे घाल."

घाई होती, कारण संध्याकाळी याच गाडीतून आईला मावशीकडे सोडायचं होतं. किती दिवसांसाठी? आई म्हणायची, "बघू." पण तिने बॅगेत स्वेटरसुद्धा भरलेला, आणि बाहेर तर अंगाची लाही होत होती! भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मिटलं तरी असतं. "मी गाडीत यांच्या शेजारी बसते, सोफ्यावर शेजारी बसते, आणि दोन वर्षं भिंतीशी बोलल्यासारखं बोलते," आई म्हणायची. "माझी बहीण निदान उलट तरी बोलते."

तर काम सुरू झालं. चाक जमिनीवर असतानाच त्याच्या मधला मोठा नट सैल करायचा, नाहीतर गाडी उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरतं. धाकटीने पान्याच्या दांड्यावर लांब पाईप अडकवला, त्यावर अक्षरशः चढून उभी राहिली, तरी नट ढिम्म.

"डाएट कर अजून!" म्हणत बाबांनी वरून हात टेकवले, तेव्हा कुठे कड्‌कन आवाज होऊन तो सुटला.

मग जॅक, स्टँड, चाक बाहेर, खालचा सांधा मोकळा. शेवटी पहारीने उचकटून एक्सल गिअरबॉक्समधून ओढला, थोडं तेल खालच्या घमेल्यात सांडलं. धाकटीने एक्सल हातात घेऊन फिरवला आणि तिचा चेहराच पडला. लोण्यासारखा फिरत होता! सांध्यावरचं रबरी आवरण धड, ग्रीस आतल्या आत.

ती सरपटत गाडीखालून डाव्या चाकाकडे गेली. तिकडचं रबर उभं फाटलेलं, ग्रीस चाकाच्या आतून चौफेर उडालेलं.

"बाबा, डावा गेलाय!"

बाबा उजव्या चाकापाशी पाटावर, डावी बाजू गाडीकडे करून बसलेले. उत्तर नाही. ती पुन्हा ओरडली. बाबा आपले शांतपणे नट पुसतायत. मग ती बाहेर आली, वळसा घालून त्यांच्या उजवीकडे उकिडवी बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, डावा गेलाय."

"काहीतरीच! आवाज उजवीकडून येतो. मी स्वतः ऐकलाय."

धाकटी बघतच राहिली. गाडीत बाबा उजवीकडे, स्टिअरिंगवर. आई कायम डावीकडे. आणि सोफ्यावर? तिथेही डावीकडेच.

"बाबा, कारखान्यात ते पत्रा कापायचं कर्कश मशीन तुमच्या कुठल्या बाजूला होतं?"

"डावीकडे. का?" असं म्हणाले आणि त्यांचा हात आपसूक डाव्या कानाकडे गेला. मग पुन्हा तोच नट पुसायला लागले.

"म्हणजे सगळेच आवाज तुम्हाला उजवीकडून येतात. कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन-अडीच वर्षं. सांगितलं असतं तर तुम्ही लोकांनी गाडीची किल्ली काढून घेतली असती."

"आणि आई?"

"मान हलवायचो. वाटायचं, चालून जातंय." नट त्यांच्या हातातून निसटला. "तूच सांग ना तिला."

"मी नाही सांगणार," धाकटी म्हणाली. हे तोंडातून निघून गेलं. आणि बाबा नाहीच बोलले तर? पण शब्द काही मागे घेतला नाही.

जुना उजवा परत बसवला, आणि नवा बदलून आणायला धाकटी दुकानात पळाली, कारण दोन्हींची लांबी वेगळी. दुकानदार म्हणाला, "अगं, काकांना मी तीनदा विचारलं, दुसरी बाजू बघितलीत का? मान हलवून गेले!"

डावा बसला. गाडी खाली उतरवली, नट आवळला, त्याची कड छिन्नीने ठोकून पक्की केली. पाच वाजता आई बॅग घेऊन बाहेर आली.

"झाली का एकदाची?"

बाबांनी किल्ली पुढे केली. "आज तू चालव."

"मी? चार वर्षांत हात लावला नाही. आणि मी चालवायला लागले की तुम्ही दाराला घट्ट धरून बसता."

"बसेन." बाबा टायरकडे बघत होते. "मला तुझ्या डावीकडे बसायचंय. या डाव्या कानाने मला ऐकू येत नाही."

"कमी येतं?"

"येतच नाही."

आईने बॅग खाली ठेवली. आता रडणार की फाडून खाणार?

"म्हणजे धरणाच्या रस्त्यावर मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात ते..."

"काय विचारलं होतंस?"

आईने किल्ली हिसकावून घेतली. "बसा आत. सगळं पहिल्यापासून सांगते."

बॅग मागच्या सीटवर गेली. गाडी दोन आचके देत निघाली. बाबांनी दार घट्ट धरलेलं, आणि मान पूर्ण आईकडे. मावशीकडे जायला कोपऱ्यावरून डावीकडे वळतात. गाडी उजवीकडे वळली. धाकटी हातातलं फडकं तसंच धरून कान देऊन उभी. टक नाही की टुक नाही, लांबवर नुसता आईचा आवाज.