कणगीतलं लेकरू

"या दुष्काळात कणगीत काय भरलंय, उमाक्का?" नर्स सुमनबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. "उंदीर बी गाव सोडून गेले म्हणं."

"काय न्हाई. रिकामीच हाय."

तेवढ्यात कणगी शिंकली.

उमादेवी पदराआड खोटंच शिंकली. सुमनबाई हसल्या नाहीत. लशीची पेटी खाली ठेवून टेकल्या.

त्या पेटीवर उमादेवीचा काडीचा विश्वास नव्हता. आणीबाणीत तिच्या दिराला बाजारातून जीपमध्ये घालून नेलं होतं. आला तो नसबंदीचं ऑपरेशन होऊनच. तेव्हा त्याचं लग्नही व्हायचं होतं. आता लातूर नवा जिल्हा झालेला. नव्या जिल्ह्याला आकडे दाखवायचे असणार, दुसरं काय? म्हणून पेटी दिसली की ती दोन वर्षांच्या सिद्धलिंगला कणगीत उतरवायची.

"सुईबिगर माझं लेकरू ठणठणीत हाय," ती म्हणाली. "पल्याडच्या वाडीत गोवरानं दोन लेकरं गेली. माझ्याला डाग बी न्हाई."

"कसा येईल? तुमच्या आळीतल्या समद्या लेकरांनी सुई घेतली. गोवराला बसायला अंगच घावलं न्हाई. तुमच्या दारापोत्तर येणार कसा?"

"मंग मला सुई कशाला पायजे?"

सुमनबाईंनी पेटी उचलली. "बरं. भिंतीपल्याड गंगम्माचं लेकरू चार महिन्यांचं हाय. नऊ महिने होईपोत्तर त्याला ही सुई देता येत न्हाई. कालपासून टँकरच्या रांगेत वाडीची लेकरं येऊन राहिलीत, दोघं तापलेली. तुमचा सिद्धलिंग त्या रांगेत खेळतो. अन् तान्ह्याजवळ बी."

उमादेवी भिंतीकडे बघत राहिली. गंगम्माचं दूध आटलं होतं. दिवसातून दोन वेळा त्या तान्ह्याला उमादेवीच पदराखाली घेत होती, आणि सिद्धलिंग शेजारी बसून त्याचे पाय ओढायचा.

"पेटी उघडा," ती म्हणाली. "समदं दावा."

बर्फ, बाटल्या, सुया. तिने एकेक वस्तू निरखली. मग कणगीत वाकून लेकरू बाहेर काढलं. त्याच्या केसांत कडब्याची कुसं अडकली होती.

सुई टोचताना तिने नजर क्षणभरही हलवली नाही. लेकरू रडलं, तसं भिंतीपलीकडचंही रडू लागलं, भुकेनं.

आत सिद्धलिंगचा जीव कोंडू नये म्हणून कणगीचं झाकण ती कधी लावत नसे. आज तिने ते कोपऱ्यातून उचललं, धूळ झटकली आणि नीट बसवलं.