मोठीचं नाव

मी एक जुनी पितळी गुंडी, म्हणजे पाणी भरायची घागर आहे. सध्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी उभी असते, तोंडात प्लॅस्टिकची फुलं खोचून. मित्रांनो, मी फुलदाणी नाही. मी पाणी वाहिलं आहे, आणि एकदा साक्षही दिली आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला. रंभाच्या लग्नात तिच्या आईने मला आंदण दिलं आणि माझ्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं : रंभा. एवढंच. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही.

नागपुरात, इतवारीजवळच्या विणकरांच्या गल्लीत, त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. थोरली सून म्हणून ती ‘मोठी’. नवरा गणपतराव तर नुसतं ‘अवं’ म्हणत. अठरा वर्षं मी तिच्या कमरेवर बसून नळावर गेले. तिथेही ती मोठीच होती.

मग देश स्वतंत्र झाला आणि पहिली निवडणूक आली. मताच्या ज्या हक्कासाठी बायांनी सभा घेतल्या, अर्ज केले, टोमणे खाल्ले, तो आता प्रत्येक सज्ञान बाईला मिळणार होता. पण आमच्या गल्लीच्या मतदार यादीत बायकांच्या जागी लिहिलं होतं, अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या माणसाला घरच्या बाईचं नाव सांगणं लोकांना कमीपणाचं वाटे. म्हणून कारकून पुन्हा आला. स्वतःचं नाव दिलं नाही तर यादीतून वगळणार, आज शेवटचा दिवस, अशी बातमी नळावर आमच्याही कानी आली. रंभा गुंडी भरून झपाझप घराकडे निघाली.

आम्ही दारात पोचलो तेव्हा कारकुनाने गणपतरावांना बायकोचं नाव नुकतंच विचारलं होतं. गणपतराव माग थांबवून विचारात पडले. अडवायचं म्हणून नव्हे, त्यांना खरंच आठवेना. शेवटी म्हणाले, “लिहा, मोठी.” हे नाव झालं का, असं कारकून म्हणाला. सासू मीराबाईंनी तोड काढली की राहू द्या, तिचंही मत तिचा नवराच टाकून येईल. कारकुनाने ओळ खोडायला पेन्सिल उचलली.

रंभाने मला त्याच्या वहीशेजारी टेकवलं. पाणी हिंदकळून कागदावर सांडलं.

“वाचा.”

त्याने माझ्या गळ्यावरची अक्षरं वाचली.

“भांड्यावर कोणाचंही नाव असते,” मीराबाई म्हणाल्या. “आजवर सांगतलं नाही, अन् आताच काहून वं?”

“आजवर कोणी इचारलंच नाही,” रंभा म्हणाली आणि कारकुनाकडे वळली. “मी रंभा. रंभाबाई. लिहा, अन् मले वाचून दाखवा.”

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं. समोरच्या घरातली रुख्मिणी दाराआडून बाहेर आली आणि तिने आपलंही नाव सांगितलं. मग कारकुनाला मागची सात घरं पुन्हा फिरावी लागली.

घरात चार दिवस रंभाशी कोणी बोललं नाही. तिने पाणी भरलं, सूत गुंडाळलं, माफी मागितली नाही. पुढे मतदानाच्या दिवशी ती मत देऊन आली तेव्हा गणपतरावांनी विचारलं, “कोणाले देलं वं?”

“ते सांगाचं नसते,” ती म्हणाली आणि मला उचलून नळाकडे चालू लागली.

पुढे स्टील आलं, प्लॅस्टिक आलं. मला पोचे पडले, मी माळ्यावर गेले. रंभाबाईही गेली. आताचा हा फ्लॅट तिच्या नातीच्या मुलीचा, भूमिकाचा; ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते. मैत्रिणी मला बघून ‘काय अँटिक पीस आहे’ म्हणतात, आणि ती खूश होते. मागच्या निवडणुकीच्या दिवशी मात्र ती दुपारपर्यंत झोपली होती. नाव नोंदवायचा फॉर्म तिने अर्धाच भरून ठेवला आहे. ते बघून मला राग येतो.

मित्रांनो, मला चिंच लावून घासू नका. मी काळी पडले तरी चालेल. तुम्ही अजून लहान आहात, तुम्हाला मत नाही, पण तोंड आहे. आई, आजी, ताई, काकू, यांची नावं यादीत आहेत का, आजच विचारा. नसतील तर फॉर्म पुरा होईपर्यंत त्यांच्या मागे लागा. त्या चिडतील. चिडू द्या.