सहाव्या पानावरची सही

हिशेबाने पाहिलं तर सहा सहलींच्या बदल्यात धाकटीला एक अख्खी खोली मिळणार होती. खोली म्हणजे पलंग, टेबल, खिडकी आणि दाराला आतून लावता येईल अशी कडी. उन्हाळी वर्गाचे सहा आठवडे संपेपर्यंत ज्याची सहलींची वही पूर्ण होईल त्याला वर्षभराच्या अभ्यासक्रमात जागा आणि वसतिगृहात खोली, असा त्या परदेशी विद्यालयाचा नियम होता. वर्गातल्या इतरांना त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. सुट्टी संपली की त्यांना घरी जायचं होतं, आणि घरी त्यांच्या खोल्या शाबूत होत्या. धाकटीच्या घरी वडील गेल्यावर ताई आणि भाऊजी बिऱ्हाडासकट राहायला आले होते, आणि ती विमानात बसल्याच्या तिसऱ्या दिवशी तिची खाट गॅलरीत गेली होती. ताईने फोनवर ते असं सांगितलं, जणू खाटेनेच हट्ट धरला होता. तू आल्यावर बघू काहीतरी, असंही ती म्हणाली. ताईचं ‘बघू’ धाकटीला लहानपणापासून पाठ होतं.

वही भरणं तसं सोपं होतं. दर सहलीचं एक पान लिहायचं आणि खाली जोडीदाराची सही घ्यायची. सहीच्या जागेवर छापलेलं होतं, ‘हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.’ जोड्यांची ही पद्धत संयोजकबाईंची. मागे कधीतरी एक विद्यार्थी संग्रहालयात राहून गेला होता, तेव्हापासून बाई डोकी मोजत नसत, जोड्या मोजत. त्यांच्या हातात सदानकदा यादी असे, म्हणून पोरं त्यांना यादीबाई म्हणत. बाई हसल्याच, तर ते आधी यादीत लिहिलेलं असणार, याबद्दल वर्गात एकमत होतं.

घोळ एवढाच की वर्गात पंचवीस जण होते. पहिल्या दिवशी बाईंनी ‘जोड्या करा’ म्हटलं आणि संगीतखुर्चीतल्या खुर्च्या बळकवाव्यात तशी पोरांनी एकमेकांना धरलं. धाकटी तेव्हा वहीवर सुवाच्य अक्षरात नाव घालत होती. तिने मान वर केली तोवर सगळं उरकलं होतं.

यादीतली रिकामी चौकट बाईंना बघवेना. त्यांनी तिथे बसच्या ड्रायव्हरला बसवलं. तेरा जोड्या झाल्या. ड्रायव्हरने बस सोडून हलायचं नसतं, हे बाईंना ठाऊक होतं, पण यादीला ठाऊक नव्हतं.

ड्रायव्हर साठीकडे झुकलेला, पोटाने पुढे आणि बोलण्यात मागे. पहिली सहल राजवाड्याची होती. चोवीस जण दोनदोन करून आत गेले, त्यांच्यामागे धाकटी एकटी. तिथल्या प्रत्येक दालनात दोघादोघांना मिळून बघायला एक माहितीचा कागद देत. तिला अख्खा कागद मिळे आणि तो कुणाला दाखवावा हे कळत नसे. बाहेर आल्यावर तिने वही पुढे केली. ड्रायव्हरने छापलेली ओळ वाचली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, सही करायला माझी हरकत नाही, पण मी काय पाहिलं ते तरी सांगशील का.

तिने अडखळत सांगितलं. भाषा नवी, तोंडात बसलेली नव्हती. त्याला घाई नव्हती. जिन्याला किती पायऱ्या, राणीच्या खोलीत उजेड कुठून येतो, आत गार असतं का, असं तो विचारत राहिला आणि ती सांगत राहिली. मग त्याने सही केली. एकोणीस वर्षं तो या राजवाड्यावर बस आणत होता. “बायको रोज विचारायची, आज काय पाहिलंत,” तो म्हणाला. “मी सांगायचो, पार्किंग.” तो हसला. ‘विचारते’ नाही, ‘विचारायची’, हे धाकटीच्या ध्यानात आलं.

त्यानंतर तिचं बघणंच बदललं. संग्रहालयात, काचेच्या भट्टीत, वाद्यांच्या कारखान्यात, किल्ल्यावर, ती दोघांपुरतं बघून ठेवू लागली. भट्टीवाल्याच्या भुवया जळून गेल्यात, हे तिच्याखेरीज कुणी पाहिलं नाही. काकांना सांगायला हवं म्हणून तिने पाहिलं. हो, एव्हाना तो काका झाला होता. बाकी बारा जोड्यांशी तिचं बोलणं ‘जरा सरका’च्या पुढे गेलं नव्हतं. सकाळी जेवणघरात ती ताट घेऊन आली की टेबलावरची बोलणी थांबत नसत, पण तिच्यासाठी कुणी शेजारच्या खुर्चीवरची पिशवीही उचलत नसे.

आईने फोनवर विचारलं, मैत्रीण मिळाली का गं. मिळाली, असं धाकटीने सांगितलं. कशी आहे म्हटल्यावर म्हणाली, शांत आहे, गाडी छान चालवते. एवढ्याशा वयात गाडी, असं म्हणून आईला काळजीच लागली.

शेवटची सहल जुन्या नाट्यगृहाची होती. तिकिटंच जोडीची होती, शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांची. पाच ठिकाणी धाकटी एकटी चालली होती. पण चालणाऱ्याच्या शेजारची जागा रिकामी दिसत नाही, बसणाऱ्याच्या शेजारची दिसते. ती बसच्या दारात थबकली आणि म्हणाली, “काका, चला ना आत. बस काय पळून जातेय?”

काकांनी नियम सांगितला. दार उघडं ठेवून ड्रायव्हरने इथेच थांबायचं. तिने तिकीट दाखवलं, त्यावर छापलेला दोनाचा आकडा दाखवला. काका आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बसला कुलूप घातलं, टोपी काढून बगलेत धरली आणि देवळात शिरावं तसे आत आले.

छतावर रंगवलेला सज्जा होता आणि सज्जात दाटीवाटीने उभी माणसं, कठड्यावरून वाकून खाली बघणारी. माहिती सांगणारा रंगमंचाबद्दल बोलत होता. काकांनी चाळीस मिनिटांत एकदाही मान खाली केली नाही. “मी एकोणीस वर्षं बाहेर ताटकळतोय,” ते हळूच म्हणाले, “आणि हे इथे वाट बघत बसलेत.” धाकटी त्या दिवशी कशाकडेच नीट बघत नव्हती. सांगायचं कुणाला होतं? शेजारच्या हातावर कोपर टेकवून ती नुसती बसली होती. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच तिला घाई नव्हती.

बाहेर मात्र, मध्येच गरगरायला लागलं म्हणून वर्गातली एक मुलगी बसकडे आली होती. तिला दाराला कुलूप दिसलं. ती उन्हात फुटपाथवर टेकली, तिथेच भोवळ येऊन पडली आणि तिची हनुवटी फुटली. दोन टाके पडले. संध्याकाळी तिच्या वडिलांचा विद्यालयात फोन आला, आणि यादीबाईंनी सहावं पान उघडलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं आलं. धाकटीने दोन वाक्यं तयार केली होती. एक, काका बसपाशीच होते. मग सही खोटी आणि खोली गेली. दुसरं, मीच त्यांना ओढून नेलं. मग दोष तिचा, आणि दोषी विद्यार्थ्याला बाई वर्षभर ठेवून घेतील कशाला? दारापाशी पोचली तरी यातलं कुठलं तोंडातून निघेल हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

काका आधीच येऊन बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. बाईंनी पान त्यांच्यापुढे सरकवलं. “मी आत होतो,” काका म्हणाले. “सही माझी आहे आणि खरी आहे.”

“आणि आधीच्या पाच?” बाईंनी विचारलं.

“त्याही माझ्याच.”

त्या पाच सह्यांच्या वेळी ड्रायव्हर कुठे होता हे बाईंना पुरतं माहीत होतं. पण त्यांवर तेरा जोड्यांची यादी उभी होती, म्हणून बाईंनी त्यांत खोल जाणं टाळलं. त्या धाकटीकडे वळल्या. “तुम्हाला काही सांगायचंय?”

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित ती बोलली असती, अशी समजूत तिने पुढे बरेच दिवस स्वतःची घातली. तिच्या डोळ्यांपुढे गॅलरीतली खाट होती.

“नाही,” ती म्हणाली.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते बघा. हनुवटीवाली मुलगी दोन टाके आणि घरी सांगायला एक गोष्ट घेऊन गेली. बाईंची यादी पूर्ण झाली. ताईला घर मोकळं मिळालं आणि ‘बघू’ म्हणण्याचं कारणही उरलं नाही. धाकटीला खोली मिळाली, कडीसकट. कडी चांगली आहे, एका बोटाने लागते. वर्षाच्या पहिल्या सहलीला ती बसमध्ये चढली तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नवाच होता. त्याने वर पाहिलं नाही. काकांना सहलींवरून काढून मालाच्या गाडीवर घातल्याचं तिला त्याच्याकडूनच कळलं. गोदाम ते गोदाम, सोबत कुणी नाही.

खोट्या पाच सह्यांचं कुणाला काही पडलं नाही. खरी एकच होती, तिची किंमत एकट्या काकांनी मोजली. सहीच्या जागेवर मात्र अजून छापलेलं आहे, आम्ही दोघांनी मिळून.