डॉक्टरांनी सांगितलेली वाटी

मी एक जुनी वाटी आहे. मला पाहणारे 'अहो, हे तर पातेलं' म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्यात सहा माणसांची आमटी मावते. पण माझ्या कडेवर सुबक अक्षरांत 'वाटी' असं कोरलंय, आणि मित्रांनो, कोरलेल्या गोष्टीशी मी वाद घालत नाही.

माझा जन्म भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातला. प्रेसने दाबलं, पॉलिशवाल्याने चमकवलं, दुकानदाराने फळीवर बसवलं. बालपण संपलं. मग १९९३ च्या जून महिन्यात समुद्रकाठच्या पाली गावाहून फ्रँक आला.

फ्रँक मासेमारीच्या बोटीचा तांडेल, म्हणजे सुकाणू त्याच्या हातात. मे महिन्यात भर समुद्रात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बोट एकाच जागी गोल फिरू लागली. खलाशांना वाटलं, तांडेलाला माशांचा मोठा थवा दिसला. ते जाळं घेऊन तयार उभे राहिले. चौथ्या फेरीला त्यांना शंका आली.

तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि दुपारी एक वाटी भात सांगितला. साखर ताब्यात राहिली आणि चक्कर आली नाही, तरच नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर जायचं. नाहीतर सुकाणू त्याच्या मुलाकडे, ॲलनकडे. बारा वर्षांचा असल्यापासून समुद्रावर जाणाऱ्या फ्रँकला घरी बसणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला, नोराला, जास्त कळत होतं. तो घरी बसून तिच्या फोडणीवर मतं देणार होता.

पण फ्रँकची भूक वाटीत मावणारी नव्हती. म्हणून त्याने दुकानातली सगळ्यात मोठी वाटी मागितली. दुकानदाराने दाखवली. "और बडी?" करत करत ते माझ्यापर्यंत पोचले. दुकानदार म्हणाला, ये वाटी नहीं है. फ्रँकने शांतपणे सांगितलं, "नाव टाकनेका मशीन है ना? लिखो, वाटी."

अशी मी पालीला आले. पहिल्याच दुपारी फ्रँकने मला गच्च भरलं. नोराने भात पाहिला, मग मला पाहिलं.

"ही वाटी हाय?"

"लिवलंय की तिच्यावर."

"उद्या तुझ्या पाठीवर बोंबील लिवते, न् सुकत घालते."

तरी तो आठवडाभर माझ्यातूनच जेवला. त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि खाली आच. निळं राहिलं तर उत्तम. फ्रँकचं हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी थेट विटकरी. ॲलन म्हणाला, "पापा, यात घर बांधून होईल." मला मोरीच्या कोपऱ्यात टाकण्यात आलं. तिथे माझी एका फुटक्या बालदीशी ओळख झाली. बोलायला बरी होती.

फ्रँकला आता घाई झाली. त्याने दुसरं टोक गाठलं. सकाळची गोळी घेतली आणि दुपारपर्यंत काहीच खाल्लं नाही. बाराच्या सुमारास त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि तो कपाटाला दरडावून म्हणाला, "जाळं वर घे." कपाट ऐकेना, तेव्हा तो त्याच्यावर चिडला. नोराने धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं. तो भानावर आला, तेव्हा ती रडत होती. एरवी मासळी बाजारात जिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती, ती.

डॉक्टर फ्रँकवर रागावले. जेवण वाढवायचं नाही तसं टाळायचंही नाही. थोडं थोडं, वेळेवर. कशाने अंग जड होतं, कशाने थरथर सुटते, ते बघत जा. मग कळलं की सकाळी नुसत्या पावावर राहिलं की अकराला हात कापतात, आणि आधी भाजी, कालवणातला मासा, मग थोडा भात, असं जेवलं की दुपार सरळ जाते.

पण खरी गंमत वेगळीच. घरातले बाकीचे डोंगरभर भात खात आणि फ्रँक एकटा चिमुकल्या वाटीसमोर बसे. चौथ्या दिवशी नोराने स्वतःच्या आणि ॲलनच्या ताटातही तसलीच वाटी ठेवली. ॲलन कुरकुरला. नोरा म्हणाली, "उपाशी ऱ्हायलास तर काकडी हाय." मला मोरीतून काढून घासलं गेलं आणि माझ्यात काकडी, मुळा, टोमॅटो चिरून पडू लागले. बालदीचा निरोप घेताना वाईट वाटलं.

नळी महिनाभर निळी राहिली. एकदाच हिरवट झाली, ती शेजारच्या बारशाला. डॉक्टरांनी तपासलं, साखर सोबत ठेवायला बजावलं आणि हो म्हटलं.

नोराने मला काकडीने भरून, वर झाकण घालून बोटीवर चढवलं. सकाळी दहाला जाळं नुकतं पाण्यात गेलं होतं. सगळ्यांचं लक्ष दोरांवर. फ्रँकने सोबत आलेल्या ॲलनच्या हाती सुकाणू दिलं आणि माझं झाकण काढलं. खलाशी धाकू हसेल असं त्याला वाटलं होतं. धाकू येऊन शेजारी बसला.

"एकटा काय खातंस, तांडेल? सरक."

मागून बाकीचेही आले. भर समुद्रात चार दणकट कोळी एका रांगेत बसून काकडी खात होते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं जेवण मोजून असेल, तर त्याच्या ताटावर पहारा करू नका. जरा सरकून शेजारी बसा, आणि तेच खा.